परमुलखातला धंदेवाईक

फिलिपाइन्स देशात बास्केटबॉलचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाहून कमी नाही. तेथील धंदेवाईक संघ अमेरिकेतून मोल देऊन खेळाडू आणतात आणि अशा खेळाडूला तिकडे सरळ 'इम्पोर्ट' म्हणतात. आयात केलेला माल! सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग आणि विलायती औषधे यांच्या पंक्तीस बसविलेला हा साडेसहा फुटी माणूस कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी बाप असतो, हे त्या शब्दाच्या गावीही नसते. हंगामापुरता करार, राहण्यास एक खोली, आणि संघ हरू लागला की परतीचे तिकीट. त्याच्या जागी चार दिवसांत दुसरा 'इम्पोर्ट' विमानातून उतरलेला असतो.

आमच्या शाळेतील उंच मुले मधल्या सुट्टीत अमेरिकन खेळाडूंची नावे अशी घेतात, की ती सारी मंडळी सौसरच्या बाजारात भेटल्यासारखी वाटावीत. त्यांना आम्ही एकदा फळ्यावर साधा गुणाकार करून दाखविला. अमेरिकेतील त्या विख्यात साखळीत संघ ३०, प्रत्येक संघात कायमचे खेळाडू १५. म्हणजे जागा अवघ्या ४५०. तेथील महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे तयार खेळाडू मात्र हजारांनी मोजावे लागतात. उरलेल्यांनी काय करावे? ज्याला शिक्षणाने दुसरी वाट दिली तो त्या वाटेने जातो. ज्याच्या हाती चेंडूखेरीज काही नाही तो इटली, ग्रीस, तुर्कस्तान, इस्रायल, चीन, जेथून बोलावणे येईल तेथे जातो. तेथेही दार सताड उघडे नसते. बहुतेक देशांत एका संघात परदेशी किती असावेत यावर मर्यादा असते, आणि त्या दोन-चार जागांसाठी पुन्हा रांग.

यांत भाग्यवान असतात. बॉब मॅकाडू हा १९७५ साली अमेरिकन साखळीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरलेला माणूस उतारवयात १९८६ साली इटलीतील मिलानला गेला आणि त्या संघाने १९८७ व १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चषक जिंकला. स्टीफन मार्बरी १९९६ पासून अमेरिकेत नाव गाजवून, आणि काहीसे बिघडवूनही, २०१० साली चीनला गेला. बीजिंगच्या संघाला त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून दिली आणि त्या परक्या राजधानीत त्याचा पुतळा उभा राहिला. परंतु पुतळे मोजके असतात. बाकीच्यांच्या वाट्याला अनोळखी गाव, न कळणारी भाषा, कडाक्याची थंडी आणि पुष्कळदा थकलेला पगार येतो. पगार बुडविल्याच्या तक्रारी इतक्या साचल्या, की जागतिक बास्केटबॉल संघटनेला २००७ साली त्यासाठी स्वतंत्र लवाद स्थापावा लागला. एवढी एक गोष्ट त्या धंद्याचे अंतरंग सांगण्यास पुरे आहे.

वाचकहो, हे सदर महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी घरांसाठी. त्यात अमेरिकन बास्केटबॉल कोठून शिरले, असे तुमच्या मनात आले असेल. परमुलखात पोटासाठी खेळणारा माणूस ही जात आपल्याला परकी नाही, एवढेच तूर्त सांगतो. ती आपल्यातच होऊन गेली आहे आणि तिच्यातील एका माणसाची हकिगत प्रत्येक परप्रांतीय मराठी घराने ऐकावी अशी आहे.

तत्पूर्वी एका शब्दाचा निकाल लावू. आपल्या भाषेत 'हौशी' हा शब्द गोड आणि 'धंदेवाईक' हा कडू. नाटकापासून खेळापर्यंत हाच भेद. पैशासाठी खेळतो म्हटले की त्या माणसाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त होतो. अलीकडे लोक 'व्यावसायिक' म्हणू लागले आहेत. पण शब्द धुऊन घेतला तरी मनातील डाग राहतोच. वैद्य फी घेतो, वकील फी घेतो, आम्ही शिक्षक दरमहा पगार घेतो, त्यामुळे आमच्या विद्येला बट्टा लागत नाही. पैलवानाने मात्र खुराकापुरते घ्यावे आणि उरलेले बजरंगबलीच्या चरणी वाहावे, अशी आपली समजूत. ही समजूत ज्यांच्या पोटाची ददात कधीच मिटलेली असते त्यांनी पसरविलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संस्थानी काळात हा संकोच नव्हता. कर्नल सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले, तेथेच वाढले, आणि इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून लष्करात हुद्दा दिला. नागपूर तेव्हा ब्रिटिश मुलूख आणि इंदूर संस्थान. म्हणजे हेही परमुलखात जाणेच. त्या आश्रयाखाली उभ्या राहिलेल्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्याच संघात सागरला जन्मलेले चंदू सरवटे होते. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरे संघाविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १२४ धावा काढल्या आणि अकरावे शुटे बॅनर्जी यांच्यासह शेवटच्या जोडीने २४९ धावा जोडल्या, हे आपल्या मध्यप्रदेशातील किती मराठी मुलांना ठाऊक आहे? उलट दिशेचीही एक गंमत आहे. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करून गेला. शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख बक्षीस देण्याचे एका शेठजींनी कबूल केले होते, आणि धावा वाढत गेल्या तसे शेठजी कलकत्त्यास तातडीच्या कामासाठी निघून गेले, अशी आख्यायिका आहे. परक्या गावी खेळणाऱ्याचे पैसे बुडण्याचा प्रघात बास्केटबॉलपुरता नाही तर!

आता लँकेशायरकडे वळू. इंग्लंडच्या वायव्येकडील हा परगणा आपल्या भागाला कापसामुळे ठाऊक. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीतला कापूस आगगाडीने मुंबईस आणि आगबोटीने तिकडच्या गिरण्यांत जात असे. कापसाच्या मागोमाग काही दशकांनी आपली माणसेही त्याच गावांत गेली, ती चेंडूफळी खेळण्यासाठी. तेथील गिरणगावांनी १८९२ साली आपापसांत क्रिकेटची साखळी सुरू केली. दर शनिवारी सामना. संघातील दहा जण गिरणीत, खाणीत, दुकानात राबणारे स्थानिक हौशी खेळाडू आणि अकरावा एकच पगारी. या अकराव्याला तिकडे नुसते 'प्रो' म्हणतात. त्याने धावा काढावयाच्या, बळी घ्यावयाचे आणि संध्याकाळी गावच्या मुलांना शिकवावयाचे. त्याने पन्नास धावा केल्या किंवा ठराविक बळी मिळविले म्हणजे प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली चिल्लर त्याची. सामना हरला तर दोष कोणाचा, हे सांगणे नको. दहा जण सुटतात आणि पगारी माणूस सापडतो.

या साखळीतील सर्वांत मोठे नाव ट्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांचे. १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे ते नेल्सन या गावचे 'प्रो' होते आणि त्यांपैकी सात वर्षे नेल्सन अजिंक्य ठरले. काळ्या कातडीचा माणूस ज्या गावाने पूर्वी क्वचितच पाहिला होता, त्याच गावाने त्यांना आपले मानले. पण गावाबाहेर पडताच इंग्लंड तेच होते. १९४३ साली लंडनच्या इंपीरियल हॉटेलने त्यांना राहू देण्याचे नाकारले. कॉन्स्टंटाइन कोर्टात गेले आणि १९४४ साली जिंकले. या हॉटेलाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्यापैकी सांगलीचे विजय हजारे १९४९ साली रॉटन्स्टॉल या गावी 'प्रो' होते. हजारे यांची सारी घडण आश्रयातून झालेली. देवासच्या पवार महाराजांच्या पदरी ते होते, आणि संस्थानिकांनी आपल्याकडे बोलाविलेल्या ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. म्हणजे परदेशी पगारी शिक्षकाकडून शिकलेला हा विद्यार्थी पुढे स्वतः परदेशात पगारी शिक्षक झाला. विनू मांकड जामनगरचे, पण मुंबईने आपलेसे केलेले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली निवड नक्की होणार काय, असे त्यांनी आधी विचारले. क्रिकेट मंडळाने शब्द देण्याचे नाकारले, तेव्हा मांकडांनी हॅस्लिंग्डन क्लबाशी करार केला. पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत आपले दुसऱ्या डावातील पहिले चार गडी एकही धाव होण्याच्या आत बाद झाले आणि त्याच मंडळाला हॅस्लिंग्डनच्या दारात मांकडांना मागण्यासाठी जावे लागले. लॉर्ड्सवर मांकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एका डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. सामना आपण हरलो, तरी तो आजही मांकडांचाच म्हणून ओळखला जातो. पगारी माणूस देशाशी बेइमान असतो म्हणणाऱ्यांनी हा आकड्यांचा कागद खिशात ठेवावा.

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख ते सुभाष गुप्ते.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म मुंबईचा, ११ डिसेंबर १९२९ चा. देह किरकोळ. हातात मात्र असा लेगब्रेक, की चेंडू हवेत थबकून विचार करीत असल्याचा भास व्हावा. आणि त्याच्या जोडीला गुगली, तीही दोन प्रकारची. १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वीकस, वॉरेल, वॉलकॉट अशा फलंदाजांसमोर पाच कसोटींत त्यांनी २७ बळी घेतले. सोबर्स यांनी पुढे जन्मभर गुप्त्यांनाच आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हटले, आणि शेन वॉर्नचा उदय झाल्यावरही ते मत बदलले नाही. १९५५-५६ साली न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत ३४ बळी. मुंबईत एका सामन्यात पाकिस्तानहून आलेल्या संघाचे दहाच्या दहा गडी त्यांनी ७८ धावांत बाद केले. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत. राहिलेला दहावा, लान्स गिब्ज, त्यांच्याच गोलंदाजीवर सुटला होता. झेल यष्टीमागे नरेन ताम्हाणे यांच्या हातून निसटला. नंतर त्याचा त्रिफळा वसंत रांजणे यांनी उडविला. त्या सामन्यात आपण २०३ धावांनी हरलो. गुप्ते यांच्या कारकिर्दीचे हे नमुनेदार चित्र आहे: गोलंदाजी अव्वल, पाठीशी उभे राहणारे अपुरे.

या सगळ्याचे मोल काय मिळत असे? कसोटीमागे हाती पडणारी रक्कम रुपयांच्या शेकड्यांत. कंपनीत नोकरी असे, ती खेळासाठी. खेळ संपला की नोकरीतील मान संपे. म्हणून गुप्ते लँकेशायरला ब्लॅकबर्नजवळच्या रिश्टन या गावी 'प्रो' म्हणून गेले. १९५० च्या दशकात त्यांचे उन्हाळे तेथे गेले. याच रिश्टनने पुढे १९८१ साली मायकेल होल्डिंगला आणि १९८७ साली व्हिव्ह रिचर्ड्सला आणले. कल्पना करावी: जगातील उत्तमोत्तम फलंदाजांना ज्याचा हात वाचता येत नसे, तो शनिवारी दुपारी ढगाळ हवेत, ओल्या हिरवळीवर उभा आहे. यष्टीमागे दिवसभर दुसरे काम करून आलेला हौशी रक्षक, ज्याला गुगली फलंदाजाइतकीच अनाकलनीय. झेल सुटतात, चेंडू सीमेपार जातात आणि कोपऱ्यातील वृद्ध प्रेक्षक म्हणतो, एवढे पैसे देऊन हेच काय? परमुलखातील पगारी खेळाडूला रोज आपली किंमत नव्याने सिद्ध करावी लागते. कालचे नऊ बळी आज चालत नाहीत. आम्हांस तरी, खरे सांगतो, त्या कसोट्यांपेक्षा हे शनिवार अधिक कठीण वाटतात.

वेस्ट इंडीजच्या त्या पहिल्या दौऱ्यातच त्यांना ट्रिनिदाद बेटावर कॅरोल भेटल्या आणि पुढे त्यांच्याशी विवाह झाला. आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीपलीकडच्या सावरगावची मुलगी आणण्याच्या आख्यायिकेवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. येथे तर सात समुद्र ओलांडून सोयरीक! पण त्या लग्नावरून कोणी दगड उचलला नाही. दगड पडला तो निराळ्याच दिशेने.

डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूरला गुप्त्यांनी एका डावात पाच बळी घेतले होते. पुढील कसोटी दिल्लीला. मुक्काम इंपीरियल हॉटेलात. होय, नाव तेच. लंडनच्या त्या हॉटेलशी याचा संबंध नाही, पण नियतीला कधीकधी नावे बदलण्याचाही कंटाळा येत असावा. गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग एका खोलीत होते. कृपालसिंग यांनी खोलीतील दूरध्वनीवरून हॉटेलच्या स्वागतिकेला भेटीचे आमंत्रण दिले. तिने तक्रार केली. चौकशीत खोली दोघांची म्हणून दोष दोघांचा ठरला. आपल्या सोबत्याला अडविले का नाही, असा प्रश्न गुप्त्यांना करण्यात आला. दोघांनाही वगळले. लगेच १९६२ साली संघ वेस्ट इंडीजला गेला. तेथे पूर्वी २७ बळी घेतलेला, तेथील जावई असलेला गोलंदाज त्यात नव्हता. आपण पाचच्या पाच कसोटी हरलो, त्यांतील दोन ट्रिनिदादच्याच मैदानावर.

कृपालसिंग यांना पुढे पुन्हा कसोटी खेळावयास मिळाली, आणि त्यात आम्हांस गैर वाटत नाही. माणसाचा अपराध झाला तर शिक्षा व्हावी आणि संपावीही. गुप्त्यांची मात्र संपली नाही. त्यांनी केलेले असे काही नव्हतेच, आणि न केलेल्या गोष्टीच्या शिक्षेला मुदत कोठून असणार? ३६ कसोटी, १४९ बळी, वय ३२. लेगस्पिनर त्या वयात पिकू लागतो.

गुप्ते ट्रिनिदादला गेले आणि तेथेच राहिले. त्या बेटाकडूनही थोडे खेळले, साखरधंद्यात नोकरी केली, मुलाबाळांत रमले. त्या बेटाच्या उसाच्या मळ्यांत १८४५ पासून १९१७ पर्यंत आपल्या देशातून गिरमिटिये मजूर नेले जात होते, मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांतातून. तेही करारावरच गेले होते. मुंबईचा हा मराठी माणूस शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडा-पणतवंडांत जाऊन बसला. ती मंडळी रामायण वाचीत, पण मराठी त्यांपैकी कोणाला येणार! गुप्त्यांच्या घरात संध्याकाळी कोणती भाषा बोलली जात असेल, हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो, कारण तो आमचाही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौसर, पांढुर्णा छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिले. आमच्या वडिलांच्या पिढीने बैलगाडीही जोडली नाही, आणि ती परप्रांतीय झाली. गुप्ते स्वतः उठून गेले, आम्ही जागच्या जागी दूर झालो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी पाट्या हिंदीतच आहेत. तक्रार नाही, हिंदीने आम्हांस नोकरी दिली. परंतु ज्या मुलखात आपण राहतो त्याचे आपण कोण, आणि ज्या मुलखाची भाषा बोलतो तो आपल्याला आठवतो का, हे दोन्ही प्रश्न येथील घराघरांत आहेत.

मागील महिन्यात सौसरकडचे एक संत्रा-बागायतदार पालक आमच्याकडे आले होते. मुलगा सतरा वर्षांचा, कबड्डीत चढाईला तरबेज. दूरच्या राज्यातील एका क्लबाने त्याला महिन्याचे मानधन आणि राहणे-जेवणे देऊ केले होते. आजीचा विरोध, आईच्या डोळ्यांत पाणी. "सर, पोराले धाडू का नको?" एवढेच त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, इराणचा फाझल अत्राचली इकडे येऊन मुंबईच्या आणि पुण्याच्या संघांचा कर्णधार होतो, मग मी का जाऊ नये? मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. इराणी माणूस पुण्यात आयात होऊ शकतो, तर सौसरचा पोरगा निर्यात का होऊ नये?

आम्ही त्या पालकांना उपदेश केला नाही, बागेचा हिशेब विचारला. "भाऊ, आंबिया बहाराचा सौदा झाडावरच करता ना? सौद्यानंतर गारपीट झाली तर नुकसान कोणाचे, हे आधी बोलता की नाही?" ते म्हणाले, आधी बोलत नव्हतो, एकदा हात पोळले तेव्हापासून कागदावर घेतो. मग मुलाच्या सौद्यातही तेच घ्या, असे आम्ही सांगितले. गुडघा गेला तर औषधपाणी कोणाचे? हंगामाच्या मध्यात काढले तर उरलेले मानधन मिळणार काय? बारावीच्या परीक्षेला सोडणार काय? खोलीत आणखी कोण राहणार? शेवटचा प्रश्न ऐकून ते चमकले. तेव्हा त्यांना आम्ही इंपीरियल हॉटेलची हकिगत सांगितली.

त्यांनी चारही प्रश्न लिहून क्लबाला पाठविले. तिघांची उत्तरे आली आहेत, गुडघ्याच्या प्रश्नाचे अद्याप यावयाचे आहे. मुलगा तोपर्यंत रोज पहाटे पाच वाजता मैदानावर असतो.

सन २००० मध्ये क्रिकेट मंडळाने सुभाष गुप्ते यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्या पुरस्काराला नाव आहे कर्नल सी. के. नायडू यांचे. दिल्लीच्या त्या प्रकरणाला तेव्हा ३९ वर्षे होऊन गेली होती. दीड-दोन वर्षांनी, ३१ मे २००२ रोजी, गुप्ते पोर्ट ऑफ स्पेन येथे वारले. गिरमिटियांचे पहिले जहाज १८४५ साली ज्या तारखेला त्या बेटाला लागले ती ३० मे. हा दिवस ट्रिनिदादमध्ये भारतीयांच्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टीने पाळतात. गुप्ते गेले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.